तळ्यावरचं मैदान

आजोळच्या गोठ्यात आढ्याला दोन दोऱ्यांनी टांगलेली एक बांबूची काठी आहे. बरोबर दहा फूट. दर फुटावर विळ्याची एक बारीक खाच, आणि पाचव्या फुटावर लागून लागून दोन खाचा. खाचांच्या कडा आता हातांनी गुळगुळीत झाल्या आहेत. गोठ्याच्या पडवीचं माप तिनं घेतलं, धानाच्या पुंजण्याची उंची तिनं मोजली, माझ्या लग्नाचा मांडवही तिच्याच मापानं पडला. शेजारपाजारचे लोक अजून येतात आणि ‘मामाची काठी द्या जी’ म्हणून घेऊन जातात. ती मुळात कशासाठी तासली होती, हे मात्र आता गावात चार-पाच जणांनाच ठाऊक असेल. माझ्या मामांनी ती १९७२ च्या हिवाळ्यात केली, ती बास्केटबॉलची रिंग किती उंच बसवायची ते मोजायला. ही रिंग जगात कुठेही लावा, ती जमिनीपासून दहा फुटांवर असते. भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळच्या आमच्या आजोळीही ती दहा फुटांवरच लागली.

आम्हा भाच्यांचं ऐकून सगळं गावच त्यांना मामा म्हणू लागलं होतं. उंच, सडपातळ, आणि बसले तरी गुडघे छातीशी येतील असे लांब पाय. आजी म्हणायची, ‘हा पोट्टा दरवाज्यातून सीधा कधी आलाच नाही, वाकूनच आला.’ १९६२ साली, विशीतल्या या पोराला आजोबांनी वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावर सोडलं. हातात एक ट्रंक, पंच्यात बांधलेले पोहे आणि मुंबईच्या एका नातेवाइकाचा पत्ता.

मुंबईच का, हे आजोबा फार अभिमानानं सांगायचे. त्यांच्या तरुणपणी मोठं सरकार नागपूरला बसायचं. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. कोर्ट, कचेरी, कॉलेज, नोकरी, सगळ्या वाटा नागपूरला किंवा जबलपूरला जायच्या. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. ‘राजधानी सरकली का पोरंही सरकतेत,’ आजोबा म्हणायचे. मामा त्या सरकलेल्या पोरांपैकी पहिल्या खेपेचे. पश्चिम रेल्वेच्या लोअर परळच्या कारखान्यात ते खलाशी म्हणून लागले आणि आग्रीपाड्याजवळ एका खोलीत सहा जणांत राहू लागले.

खोलीत झोपायला जागा असायची ती रात्रीच. संध्याकाळी बाहेर पडावंच लागे. असेच पाय मोकळे करताना ते एकदा नागपाड्याला पोचले आणि एका कुंपणाशी थांबले. आत दिव्याच्या उजेडात दहा मुलं एका चेंडूमागे धावत होती. चेंडू जमिनीवर आपटण्याचा तो आवाज मामा आम्हाला तोंडानं काढून दाखवायचे आणि मग म्हणायचे, ‘पहिल्या दिवशी मले वाटलं, कोणी ढोलकी वाजवून राह्यलं.’ लागोपाठ आठ दिवस ते कुंपणाला धरून उभे राहिले. नवव्या दिवशी चेंडू कुंपणावरून बाहेर आला. मामांनी तो उचलून दिला, आणि त्यांची उंची पाहून आतल्या एका पोरानं त्यांना हाताला धरून आत नेलं.

मामांच्या गोष्टींत पुढचं सगळं एका दमात यायचं. अमेरिकन पाद्री, पेटीतून आणलेला चेंडू, गल्लीतली पोरं आणि हिंदुस्थानचा कप्तान. मोठा झाल्यावर मी त्या गोष्टी नोंदींशी ताडून पाहू लागलो, आणि बहुतेक जागी मामा खरे निघाले.

१९२७ साली अमेरिकन मराठी मिशननं नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उघडलं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले प्रमुख. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत गरीब वस्त्यांच्या मधोमध सेवाघरं चालत, त्यांच्या धर्तीवर हे घर होतं. नागपाडा म्हणजे तेव्हाही दाट वस्ती. एका बाजूला भायखळा, दुसऱ्या बाजूला मदनपुरा, शेजारी कामाठीपुरा. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू, गिरणीतले, गोदीतले, रेल्वेतले असे सगळे तिथे राहत. याच मॅनशार्टच्या हाताखाली १९३६ साली, याच नेबरहूड हाऊसमध्ये, सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा सुरू झाली. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. देशातल्या समाजकार्याच्या शिक्षणाचा उगम आणि मुंबईच्या बास्केटबॉलचं एक मोठं घर, दोन्ही एकाच वस्तीत असावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. पोरांच्या हाती संध्याकाळी काहीतरी चांगलं द्यावं, या एकाच विचारातून दोन्ही गोष्टी आल्या.

खेळ मूळचा तसाच जन्मला होता. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला हिवाळ्यात बंद खोलीत खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यानं व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग दहा फुटांवर. त्यामागे दुसरं कसलंही गणित नाही. त्या टोपल्यांना बूड होतं. दर गोलानंतर कोणीतरी शिडी लावून चेंडू काढायचा. आपल्याकडे हा खेळ रुजवला तो मुख्यतः वायएमसीएनंच. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. तिथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी कितीतरी नवे खेळ देशभर नेले. १९३४ साली दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० साली भारतीय बास्केटबॉल महासंघ उभा राहिला.

नागपाड्याची ती जागा पाहून मामांना घरची आठवण यायची, आणि त्याला कारण होतं. तिथल्या वायएमसीएला आजही ‘मस्तान वायएमसीए’ म्हणतात, आणि तो भाग मस्तान तलावाचा. एकेकाळी तिथे खरोखरचं तळं होतं. ते बुजलं, वर रस्ते आले, घरं आली, आणि थोडी मोकळी जागा राहिली तिथे पोरं खेळू लागली. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. तळ्याच्या पारीवर लहानाचा मोठा झालेला माणूस मुंबईत जाऊन बुजलेल्या तळ्यावर चेंडू आपटायला शिकला. मामा म्हणायचे, ‘पानी आटलं तरी जागा आटू द्यायची नाही, बाबू.’ लहानपणी मला या वाक्याचा अर्थ लागला नव्हता.

नागपाड्यात शिकवणारे होते बच्चू खान. आज नागपाड्यात महानगरपालिकेचं जे मैदान आहे, त्याला त्यांचंच नाव आहे. नागपाडा बास्केटबॉल असोसिएशनचा खेळ तिथे चालतो. इंग्रजी आद्याक्षरं घेतली तर तीही एनबीए. अमेरिकेच्या त्या जगप्रसिद्ध लीगचं नाव आपल्या पोरांनी टीव्हीवर ऐकलं, त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईच्या या कोपऱ्यात एनबीए म्हणजे नागपाडा.

याच गल्ल्यांतून गुलाम अब्बास मुंतसिर पुढे आले. ते भारताच्या संघाचे कप्तान झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आशियाई ऑल स्टार संघात निवड झालेले ते पहिले भारतीय बास्केटबॉलपटू. मामांना त्यांच्याबरोबर सामना खेळायला कधी मिळालं नाही, पण त्यांचा सराव पाहायला मिळाला, आणि तेवढ्यावर मामांनी आयुष्य काढलं. कोण किती उंच उडी मारतो, हे ते सांगायचेच नाहीत. सांगायचे ते चेंडू किती खाली ठेवायचा ते. ‘गुडघ्याच्या वर चेंडू आला का तो दुसऱ्याचा झाला,’ म्हणत अंगणात उकिडवे बसून हातानं दाखवायचे. डोळे चेंडूवर नाहीत, समोरच्या माणसाच्या कमरेवर. ‘मान फसवते, हात फसवतात, कंबर फसवत नाही.’ कबड्डीत चढाई करताना मला हे वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

या मंडळींना कोणी पगार देत नसे. अर्धव्यावसायिक क्लब म्हटलं की परदेशात हंगामाचा करार, सामन्यामागे ठरलेले पैसे असं काही डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे ती गोष्ट नोकरीच्या रूपानं आली. रेल्वे, सैन्य, पोलीस, बँका, मोठे कारखाने खेळाडूला कामावर घेत. सकाळी हजेरी, दुपारी कार्यालयाच्या संघाचा सामना, संध्याकाळी आपल्या वस्तीतल्या मैदानावर सराव. एकाच माणसाजवळ दोन बनियन. एकावर मालकाचं नाव, दुसऱ्यावर मैदानाचं. स्पर्धेला जायचं तर खास रजा मिळायची, रेल्वेचा पास, दिवसाचा भत्ता. गल्लीतल्या पोराला इंग्रजी येवो न येवो, चेंडू येत असेल तर कायमची नोकरी लागू शकत होती. त्या नोकरीवर बहिणींची लग्नं झाली, म्हाताऱ्या आईबापांची औषधं झाली. गोलांची मोजणी आपण लिहून ठेवतो. या खेळानं किती चुली पेटत्या ठेवल्या, ते मात्र म्हातारी माणसंच सांगू शकतात.

आणि क्लब कशावर चालायचा? मामा बोटांवर मोजायचे. संध्याकाळी मैदान झाडणारा एक, दिव्याचं बिल कुठून तरी जमवणारा एक, फाटलेला चेंडू मोच्याकडे नेणारा एक, आणि शिट्टी गळ्यात अडकवून रोज ठरल्या वेळी येणारा एक. चेंडू जालंधरचा नाहीतर मेरठचा, चामड्याचा. सिमेंटवर घासून त्याचा रंग आणि खरखर दोन्ही जायची, मग तो घामानं निसटायचा. ‘नवीन चेंडू सामन्याले, जुना सरावाले,’ मामा सांगायचे. ‘जुन्यानं शिकलं का नवा हातात बसूनच राह्यतो.’ पुढे ते कारखान्याच्या संघात आले. पहिल्या पाचांत क्वचित, बहुतेक वेळ बाकावर. बाकावरच्या माणसाला सामना जास्त दिसतो, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या गोष्टी इतक्या बारीक का असत, ते त्यावरून कळतं.

१९७१ च्या पावसाळ्यात ओल्या कोर्टावर त्यांचा पाय सरकला आणि उजवा गुडघा वळला. एका दवाखान्यात पट्टी बांधून ‘महिनाभरात पळाल’ म्हणून सांगितलं गेलं. ते पुन्हा कधीच नीट पळू शकले नाहीत. नोकरी टिकली, संघ सुटला. त्याबद्दल त्यांनी कधी कुणाला बोल लावल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात ते लांब रजा घेऊन गावी आले. ट्रंकेत एक जुना, गुळगुळीत झालेला चेंडू होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

धान निघालं होतं. मळणी उरकून खळं रिकामं झालं होतं. आमच्याकडचं खळं म्हणजे पाणी मारून, चोपून, शेणानं सारवून केलेली टणक जमीन. तिच्यावर धानाचा एक दाणा मातीत हरवत नाही. मामांनी चेंडू त्या खळ्यावर आपटला. तो टप्प्यानं वर आला, आणि मामा इतके हसले की आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘हे तर कोर्टच आहे,’ ते म्हणाले.

पहिल्या आठवड्यात रिंग नव्हतीच. बुरडाकडची एक टोपली गोठ्याच्या वाशाला बांधली आणि आम्ही तिच्यात चेंडू टाकू लागलो. दर गोलाला एक पोरगा वाशावर चढून चेंडू काढायचा. स्प्रिंगफील्डच्या पोरांनी ऐंशी वर्षांपूर्वी जे केलं, तेच आम्ही करत होतो, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मग मामांनी बुरडाकडून सरळ वाढलेला एक बांबू आणला, गजानं मोजून तासला, खाचा पाडल्या. तीच ही काठी. रिंगची उंची एक काठी. फ्री थ्रोची रेघ रिंगमागच्या फळ्यापासून दीड काठी, म्हणजे पंधरा फूट. पाचव्या फुटावरच्या दोन खाचा त्या अर्ध्या काठीसाठी.

त्या हिवाळ्यात सगळं गाव कामाला लागलं. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवणाऱ्या लोहारानं सळई तापवून तिचं कडं वळवलं. आतलं माप अठरा इंच, कमी नाही की जास्त नाही. मामांनी तीनदा परत केलं, चौथ्यांदा घेतलं. सुतारानं सागाच्या फळ्या जोडून सहा फूट रुंद, चार फूट उंच पाट केला. खांब ऐनाच्या लाकडाचा, बूड डांबरानं माखून तीन हात खोल पुरलेला. जाळी विणली ढिवरांनी. तळ्यात मासे धरणाऱ्या त्यांच्या हातांना हे काम नवं नव्हतं. फक्त ‘खालून उघडी ठेवा’ म्हटल्यावर विणणारे आजोबा थोडे थांबले आणि म्हणाले, ‘ज्या जाळीतून सगळंच निसटते, ती काय कामाची?’ मग चेंडू जाळीतून सळसळत खाली पडताना त्यांनी पाहिला आणि त्यांचं तोंड उजळलं. कुणीही पैसे घेतले नाहीत. मामांनी दिलेही नसते. तेवढे त्यांच्याजवळ नव्हते.

रेघा चुन्याच्या. रिंगखालची आखणी त्या काळी वर अरुंद आणि खाली रुंद असायची. आजीनं ती पाहिली आणि म्हणाली, ‘हे तर सूप आहे.’ झालं, आमच्या गावात त्या जागेचं नाव सूप पडलं. ‘सुपात तीन सेकंदांच्या वर उभं राह्यचं नाही’ हा नियम आम्ही असाच पाठ केला. पुढे २०१० साली आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि ती आखणी चौकोनी झाली. मी मात्र अजून सूपच म्हणतो.

आजीच्या बोलीत ळ नव्हता, झाडीबोलीत तो र होतो. तिच्या तोंडी हा ‘टोपलीचा खेर’. मुलींनी तो खेळावा की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. मामांनी फार काही सांगितलं नाही. चेंडू माझ्या मोठ्या बहिणीच्या हातात दिला आणि बाजूला झाले. तिनं पहिलाच चेंडू पाटावर मारून रिंगमध्ये टाकला. वाद तिथेच संपला. या खेळाची खरी गोष्ट अशी की नेस्मिथनं टोपल्या ठोकल्या, त्यानंतर काही महिन्यांतच, १८९२ साली, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला होता. मुली यात मागाहून आलेल्या नाहीत. आमच्या गावात तर त्या पहिल्या दिवसापासून होत्या.

हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीत शंकरपट भरतो. बैलांच्या जोड्या धावतात, पंचक्रोशीतले पाहुणे घरोघरी येतात, रात्री नाटक होतं. १९७३ च्या जानेवारीत पटाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी पाहुण्यांसमोर सामना लावला. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, आणि दोन्ही संघांना एकच रिंग. पाहुणे पारीवर, गाडीवर, पुंजण्यावर बसले. गुडघ्याला फडकं बांधलेले मामा शिट्टी घेऊन मधोमध उभे. किती गोल झाले, कोण जिंकलं, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. एक गोष्ट सगळ्यांना सारखी आठवते. सामना संपला तेव्हा आजोबा उठले, खळ्याच्या मधोमध आले, वाकून त्यांनी जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

त्या रात्री शेकोटीशी आजोबांनी तळ्याची गोष्ट सांगितली. आमच्या भागातली बरीच तळी दोन-तीनशे वर्षांपूर्वी कोहळी लोकांनी बांधली. उतार पाहून मातीची पार घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि धानाला द्यायचं, ही त्यांची विद्या. नवेगाव बांधचा विशाल जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पण बाकीच्या शेकडो तळ्यांची आणि बोड्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. ‘बांधला तो एकानं, राखला तो सगळ्यांनी,’ आजोबा म्हणाले. पाऊस लागला आणि पार खचायला आली की घरटी एक माणूस कुदळ-टोपलं घेऊन जायचा. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली. जमीनदारी गेली हे चांगलंच झालं. पण तळं आता आपलं नाही असं लोकांच्या मनात बसलं आणि पारीवर कुदळ न्यायचं राहून गेलं. गाळ साचत गेला. आजोबांचं म्हणणं असं की तळं आधी माणसांच्या मनातून आटतं, मग उन्हानं आटतं.

मामा बराच वेळ विस्तवाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘नागपाड्यातही असंच आहे, बाबा.’

त्या एका वाक्यात मला क्लबचा सगळा इतिहास सापडतो. पाद्र्यांनी जागा दिली, ते निघून गेले. पुढे गल्लीतल्याच माणसांनी ती राखली. ज्यांना कधी कप मिळाला नाही, अशांनी संध्याकाळी झाडू मारला म्हणून कुणीतरी हिंदुस्थानचा कप्तान झाला.

पुढची वर्षं भराभर गेली. मी शिकायला नागपूरला गेलो. तिथे शिवाजीनगर जिमखाना आणि धरमपेठ क्रीडा मंडळाची मैदानं पाहिली. सिमेंटचं कोर्ट, दोन्ही टोकांना रिंग, शाळकरी मुलामुलींच्या रांगा. विदर्भातला बास्केटबॉल या मंडळांनी जगवला. मला तिथे जाणवलेली गोष्ट अशी की मामांनी सांगितलेली माणसं इथेही होती. नावं वेगळी, शिट्टी तीच. १९७५ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला, तेव्हा मामांनी मुंबईहून पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण आजीनं देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलं होतं. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ उतरला आणि सगळे सामने हरला. मामांचं पत्र आलं, ‘हरले, पण उतरले.’ पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातल्या सतनाम सिंगला २०१५ साली अमेरिकेच्या डॅलस संघानं निवडलं, तेव्हा मामा सत्तरी ओलांडून गावी होते. टीव्हीसमोर बसून त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्याच्या गावात पहिली रिंग कोणी लावली, ते सांगत नाहीत का?’

मला उत्तर देता आलं नाही.

मामा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी नागपाड्याला गेलो. संध्याकाळची वेळ. चौकात गाड्यांची दाटी, हातगाड्या, भोंगे. बच्चू खान मैदानाच्या कुंपणाशी उभा राहिलो, मामा जसे १९६२ साली राहिले असतील तसा. आत पंधरा-सोळा पोरं होती. एक माणूस शिट्टी गळ्यात घालून मधोमध उभा होता आणि एका लहानग्याला वाकवून, त्याचा हात धरून, चेंडू गुडघ्याच्या खाली कसा ठेवायचा ते दाखवत होता. त्या माणसाला मी ओळखत नव्हतो, पण तो हात मी ओळखला. आमच्या अंगणात तो मी शेकडो वेळा पाहिला होता.

आजोळच्या खळ्यावर आता घर उभं आहे. मळणी यंत्रानं होते, खळ्याची गरज उरली नाही. ऐनाचा खांब कुजून पडला. रिंग मी एका शाळेला देऊ केली होती. ‘आमच्याकडे जागा नाही’ असं उत्तर आलं, आणि त्या शाळेच्या मागे दोन एकर पडीक आहे. दोन वर्षं रिंग गोठ्यात पडून होती. गेल्या दिवाळीत गावातल्या पोरांनी स्वतःच विचारलं. तळ्याच्या पारीखाली ग्रामपंचायतीची मोकळी जागा आहे, तिथे त्यांनी लोखंडी खांब रोवला. मोबाइलवर माप शोधत होते. मी काठी काढून दिली. त्यांनी ती खांबाला लावली, वर खूण केली. मग एकानं खात्रीसाठी मोजपट्टीनं पुन्हा मोजलं. दहा फूट. पन्नास वर्षांत काठीत सुताचाही फरक पडला नव्हता.

मामांकडून मी पुष्कळ ऐकलं, पण विचारलं फार थोडं. कुंपणातून त्यांना हाताला धरून आत नेणारा तो पोरगा कोण, त्याचं नाव काय, तो पुढे कुठे गेला, हे मी कधी विचारलंच नाही. आता सांगणारं कोणी नाही. तुमच्या घरात, गल्लीत, गावात असा कोणी म्हातारा असेल, ज्यानं एखादं मैदान झाडलं, खांब रोवला, शिट्टी वाजवली, तर त्याच्याजवळ आज संध्याकाळीच जाऊन बसा. नावं विचारा, साल विचारा, आणि लिहून ठेवा. आणि त्या मैदानावर गवत माजलं असेल, तर परतताना घरटी एक माणूस कुदळ घेऊन चला.